मानाचा तुकडा

मांसाच्या पराती आल्या तेव्हा पोरींच्या टेबलावर कुणाचंच लक्ष जेवणाकडे नव्हतं. नवरदेवाच्या बिश्केकहून आलेल्या दोघी मावसबहिणी एलनुराच्या खांद्यांवर हनुवट्या टेकवून फोटोसाठी बसल्या होत्या, आणि फोटो काढायचं काम कुंदुझकडे होतं. ते नेहमी तिच्याकडेच असायचं. "तुझ्यासारखा फोटो कुणालाच जमत नाही गं," असं एलनुरा मनापासून म्हणायची. त्यामुळे कुंदुझ कुठल्याच फोटोत नसायची.

"अजून एक. वरून घे, वरून घेतलं की गाल बारीक दिसतात."

कुंदुझनं खुर्चीवर गुडघा टेकवून वरून घेतला. तिघींनी फोनवर डोकी घातली, दोन फोटो खोडले, एक ठेवला. तेवढ्यात एलनुराला आईची हाक आली. तिच्या थोरल्या भावाचं लग्न होतं, पाहुण्यांना चहा द्यायला घरचे हात कमी पडत होते. ती ओढणी सावरत पळाली.

कुंदुझला सोळावं लागलं होतं. नारिन गाव नदीच्या काठानं लांबच लांब पसरलेलं, आणि त्यात जो तो दुसऱ्याला सात पिढ्यांनिशी ओळखणारा. अशा गावात आपण कोण, कशा, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. गेल्या वर्षी वडील ट्रकची खेप करून घाटापलीकडून आले ते कुणाचा तरी वापरलेला फोन घेऊन, आणि तेव्हापासून तो प्रश्न रोज सकाळी तोंड धुण्याआधी पडू लागला. एलनुरानं आज काय घातलं, एलनुराच्या खोलीत दिवा कसला, एलनुराच्या आईनं तिच्या केसांना काय लावलं. मग स्वतःची खोली, म्हणजे भिंतीवर गालिचा टांगलेली, धाकट्या बहिणीबरोबर वाटून घेतलेली ती खोली, तिला परक्याची वाटायची. एकदा तिनं त्या गालिच्यासमोर उभं राहून चाळीस फोटो काढले आणि त्यातला एक टाकला. दुपारपर्यंत तो अकरा जणांना आवडला, त्यात पाच नात्यातले. दुपारीच तिनं तो काढून टाकला आणि नंतरचे दोन दिवस "पोटात दुखतंय" म्हणून जेवली नाही. आईनं ओव्याचा काढा करून दिला.

तिच्या आईचं नाव बुरुल. मोठ्या दवाखान्यात आया होती. फरशा, खाटा, भांडी, सगळं क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन धुऊन तिची बोटं काळवंडली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या. शाळेतल्या नव्या मुलींना कुंदुझ सांगायची, माझी आई सिस्टर आहे.

"अगं बाई, ते बघ!" बिश्केकच्या धाकटीनं कोपर मारलं. "ती समोरच्या टेबलावरची. पिशवी हातात उलटी घालून मांस उचलतेय. आमच्याकडे कुत्रा फिरवणारे अशीच घाण उचलतात!"

दुसरीनं तोंडावर हात दाबला. "सगळ्याच भरतायत गं. यजमानांनीच टेबलावर पिशव्या ठेवल्यात, बघ तरी! जेवायला बोलावतात की सामान उचलायला? कोण आहे ती?"

कुंदुझनं वळून पाहिलं. बायकांच्या टेबलाच्या अगदी मध्यभागी, मानाच्या जागी, तिची आई बसली होती. तिनं पावाची रिकामी पिशवी उलटी करून हाताला मोज्यासारखी चढवली होती आणि ताटातला मोठा तुकडा ती फार जपून, चरबीचा थेंबही सांडू न देता, त्यात घेत होती. दवाखान्यात बाहेरच्या बाजूला हात न लावता हातमोजा काढायची सवय, तीच इथे.

"कोण आहे गं ती? तुमच्या गावचीच ना?"

"काय माहीत," कुंदुझ म्हणाली. "असेल कुणीतरी."

शब्द इतके सहज निघाले की तिचं तिलाच नवल वाटलं. आणि मग, आता यांना कुणी सांगितलं तर, एलनुरा परत येऊन "अगं, ही तर हिची आई" म्हणाली तर, या भीतीनं तिनं एलनुरा गेली त्या बाजूला पाहिलं. जो हसतोय त्याला कुणी हसत नाही. म्हणून ती त्या दोघींपेक्षा मोठ्यानं हसली.

"असलं कुणीतरी फोनवर टाकायला हवं," थोरली म्हणाली. "लाखभर लोक बघतील."

कुंदुझच्या हातात तिचा फोन होताच. दोघी पुन्हा आपले केस बघण्यात गुंतल्यावर तिनं तो मांडीवर आडवा धरला, व्हिडिओ चालू केला आणि समोरचं चित्र जवळ ओढलं. चेहरा येऊ दिला नाही. फक्त हात, पिशवी आणि तुकडा. शेवटी धाकटी केस सारखे करता करता पुन्हा काहीतरी बोलली, आणि कुंदुझ पुन्हा हसली. चेहरा नाही म्हणजे कोण ते कळणार नाही, आणि कळणार नाही म्हणजे आपण तेवढ्या काही वाईट नाही, असा तिनं स्वतःशी हिशेब केला. हात धुवायच्या खोलीत जाऊन तिनं ते 'नारिनची हवा' नावाच्या इंटरनेटवरच्या पानाला पाठवलं. त्या पानावर गावातल्या गमती यायच्या आणि पाठवणाऱ्याचं नाव कधीच यायचं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी बुरुलनं पाट मांडला. टोईतून, म्हणजे लग्नाच्या जेवणातून, आणलेला वाटा एकट्यानं खायचा नसतो. तो केशिक. त्यात भल्या घरची बरकत असते, देवानं दिलेल्या घासाचा अंश असतो, आणि तो जितक्या तोंडी लागेल तितका वाढतो. तिनं मांसाचे बारीक बारीक तुकडे केले, गल्लीतल्या सात घरी पाठवले, आजारी शेजारणीच्या तोंडात एक स्वतः घातला. कुंदुझच्या हातावरही एक ठेवला.

"खा गं. साबिरा एजेच्या घरचं आहे." एलनुराच्या आईला ती एजे, म्हणजे ताई, म्हणायची. "आज तिनं मला काय दिलं, ठाऊक आहे? उचा दिली. माझ्याहून म्हाताऱ्या तीन बसल्या होत्या, आणि उचा मला! मी म्हटलं, एजे, मला नको, माझं वय नाही. तर भरल्या मांडवात म्हणते, माझ्या सासूची पाठ दोन वर्षं तू धुतलीस, शेवटची आंघोळही तूच घातलीस, तुला नाही तर कुणाला?" बुरुलनं डोळे पुसले आणि हसली. "माझा घास तिथे उतरेना. म्हटलं, घरी नेते, पोरींबरोबर खाते."

कुंदुझनं तो तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला. तळव्यात फोन थरथरत होता. उशीखाली लपवून तिनं पाहिलं, तर चार हजार. एका संध्याकाळी चार हजार लोक. खाली कुणी लिहिलं होतं, 'टोई संपली, आता फ्रीज भरा.' कुणी लिहिलं होतं, 'हात बघा, हात! असल्या हातांनी शिवलेलं कोण खाईल?' तिनं ते वर-खाली सरकवून पुन्हा पुन्हा वाचलं. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. तिनं केलेली गोष्ट पहिल्यांदाच चार हजार लोकांना आवडली होती.

घाणेरडी गोष्ट अशी की त्या रात्री तिला शांत झोप लागली.

तिची चूक तिला सोमवारी कळली, आणि ती चूक आमच्याकडच्या शेंबड्या पोरानंही केली नसती अशी होती. मेंढीला उचा एकच असते. पाठीकडचा, शेपटीलगतचा तो रुंद तुकडा; मेजवानीत तो सगळ्यात मानाच्या बाईला जातो आणि तो कुणाला गेला हे साऱ्या मांडवाला पाठ असतं. माणसं लग्नातली गाणी विसरतील, पण कुणाच्या ताटात कुठलं हाड पडलं हे दहा वर्षांनीही सांगतील. कुंदुझनं चेहरा झाकला होता, आणि तुकडा उघडा ठेवला होता. लहानपणापासून ती त्या वाटण्या बघत आली होती. पण गेलं वर्षभर मेजवानीत ती बघायची ते फक्त फोनमधून, आणि फोनमध्ये उचा म्हणजे नुसतं मांस दिसतं.

'साबिराकडच्या लग्नात ही उचा कुणाला गेली ते गावाला माहीत आहे,' असं कुणीतरी खाली लिहिलं. त्याखाली दुसऱ्यानं, 'दवाखान्यातली बुरुल ना?' आणि मग ते तोंडोतोंडी झालं.

बुरुलकडे साधा, बटणांचा फोन. तिला दवाखान्यात कळलं. घरी आली. वजू केली, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतले, नमाज पढली, चहा ओतला, आणि चहाकडे बघत बसली. गल्लीतली तुर्सून कडेवरची नात सावरत दारात उभी राहिली. तुर्सूनला आत यायची कधी गरज पडायची नाही, तिचा आवाज आधीच आत असायचा.

"बुरुल, तू तर स्टार झालीस की! माझ्या जावयानं ओशहून पाठवलं. म्हणतो, तुमच्या गल्लीतली का ही?"

"असेल," बुरुल म्हणाली.

"अगं, मी तर त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, तू नेत नाहीस वाटतं? माझ्या लेकीच्या लग्नातून तुझी आई चार पिशव्या घेऊन गेली, त्यातली एक तर आमच्याच पडद्याची होती!" स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, मग बुरुलचं तोंड पाहून थांबली. "कुणी काढलं असेल गं? हात झडो त्याचे."

"असं बोलू नये. कुणाचं तरी लेकरू असेल."

कुंदुझ आतल्या खोलीत गालिच्याला पाठ लावून उभी होती. 'हात झडो' ऐकताना तिनं हात काखेत घेतले. तिनं पानाला लिहिलं, कृपा करून काढून टाका. उत्तर आलं, 'आता काय उपयोग, अकरा पानांवर गेलंय. असलंच काही असेल तर पाठवत जा.' खाली हसरा चेहरा. तिनं पानाला पाठवलेला आपला निरोप पुसला, फोन बंद केला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा चालू केला.

त्या आठवड्यात ती शाळेत गेली ती मान खाली घालून. कुणी काही बोललं तरी तिला ते आपल्याबद्दलच वाटे, आणि कुणी काही बोललं नाही तर जास्तच वाटे. एका मुलीनं मात्र सरळ जवळ येऊन विचारलं, "तुझी आई सिस्टर होती ना?" कुंदुझ स्वच्छतागृहात जाऊन दोन तास बसली. जेवण जाईना. आरशात बघवेना. आणि या सगळ्यात एक गोष्ट अशी की जिची ती कुणापाशीही कबुली देऊ शकली नसती: दर तासाला ती आकडा बघत होती. एकोणीस हजार. बावीस. मन म्हणे, थांबू दे. डोळे म्हणत, किती झाला?

एलनुरा त्या दिवसांत शाळेत आली नाही. फोनवरही दिसेना.

बुधवारी बुरुल म्हणाली, "उद्या मी साबिरा एजेकडे जाते. तूही चल, ओझं धरायला."

"कशाला?"

"माफी मागायला."

"तू? तू कशाची माफी मागायचीस?"

"तिनं मला भर मांडवात मान दिला, आणि मी तो पिशवीत कोंबताना दिसले. तिच्या घरच्या अन्नावर जग हसतंय. पदरात घेतलेलं नीट झाकून घ्यायला हवं होतं मी." तिनं चहाची भांडी गोळा केली. "तुला माझ्याबरोबर यायला लाज वाटत असेल तर नको येऊस. मला कळतं गं. लोक बघतात."

कुंदुझला त्या क्षणी सांगायचं होतं. "येते मी," एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी दवाखान्यातून आल्यावर बुरुलनं कढई चढवली. दर गुरुवारी ती सात पातळ नान तेलात तळायची, गेलेल्यांच्या नावानं. त्यांना खाता येत नाही, पण वास पोचतो, आणि वास आला की त्यांना कळतं की घरच्यांनी आठवण ठेवली आहे. कितीही थकली तरी तिनं हा नेम मोडला नव्हता. या वेळी तिनं एकेका नानला एकेक नाव घेतलं, त्यात साबिराच्या सासूचंही घेतलं. तळवे उघडून दुवा मागितली, ओमिन म्हणत तोंडावरून हात फिरवले, मग नान फडक्यात बांधून कुंदुझच्या हातात दिले. अजून गरम होते.

साबिराचं घर नदीपलीकडे, नवं, हिरव्या पत्र्याचं. दार नव्या सुनेनं उघडलं, तीनदा लवून नमस्कार केला. आत साबिरा उठून उभी राहिली.

"बुरुल! तू का आलीस? मी येणार होते. मला तोंड होतं का यायला?"

"एजे, मीच चुकले. तुम्ही दिलेला मान..."

"गप्प बस! चुकली म्हणे. चूक कुणाची ते मी तुला दाखवते. एलनुरा! बाहेर ये."

एलनुरा बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल, केस चार दिवसांचे, अंगात भावाचा जुना स्वेटर. कुंदुझनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. आणि तिला बघताच कुंदुझला आधी बरं वाटलं. एक क्षणभर, पण अगदी आतून बरं वाटलं: बघा, हीसुद्धा अशी दिसते. मग तिचं तिलाच ते कळलं, आणि कानापर्यंत आग झाली.

"पोरींचं टेबल बरोबर तुझ्यासमोर होतं," साबिरा म्हणत होती. "त्या कोनातून दुसरं कुणी काढूच शकत नाही. बिश्केकच्या दोघींनी कानांवर हात ठेवले. कुंदुझ तर तुझीच लेक. मग राहिलं कोण? चोवीस तास जिच्या हाताला फोन चिकटलेला असतो ती! चार दिवस झाले, फोन काढून घेतलाय, तरी कबूल होत नाही. बाप बोलत नाही तिच्याशी."

"अपा, मी तेव्हा चहा देत होते! किती वेळा सांगू?" एलनुरा आईकडे वळून म्हणाली.

"चहा देताना फोन खिशातच असतो ना?" साबिरानं टेबलावरचा गोल नान उचलून तिच्यापुढे धरला. "घे हातात. म्हण, मी केलं असेल तर हा नान मला बाधो. बुरुलच्या देखत म्हण."

"नको एजे," बुरुल पुढे झाली. "लेकराला अन्नाची शपथ घालू नका. अन्न भोळं असतं, कुणालाही लागतं. मला काही जाणून घ्यायचं नाही. मी माफ केलं, जे कुणी असेल त्याला."

"तू केलंस गं, मी नाही केलं! माझी सासू तुझ्या हातावर गेली. त्या हातांना जग नावं ठेवतंय, आणि ते माझ्या घरातून सुरू झालं! घे, एलनुरा."

एलनुरानं नान घेतला. दोन्ही हातांनी धरला. तिनं कुंदुझकडे पाहिलं, तक्रारीनं नव्हे, मैत्रिणीकडे बघावं तसं: तू तरी सांग ना यांना, मी टेबलावर नव्हते, तू होतीस.

"मी केलं असेल," एलनुरा म्हणाली, "तर हा नान..."

"तिनं नाही केलं," कुंदुझ म्हणाली.

सगळे वळले. फडक्यातले नान तिनं छातीशी घट्ट धरले होते, त्यांची ऊब झग्यातून लागत होती.

"मी काढलं. मी पाठवलं."

कोपऱ्यात चहा ओतणाऱ्या सुनेचा हात थांबला. साबिराला ऐकलेलं समजेना. तिनं बुरुलकडे पाहिलं, जणू बुरुल म्हणेल की पोरगी मैत्रिणीला वाचवतेय.

"काय बोलतेस? तुझी आई होती ती."

"हो."

"तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. त्या दोघी हसत होत्या, कोण आहे विचारत होत्या. मी म्हटलं, माहीत नाही." आता सुरुवात झाली होती, थांबता येईना. "माझी आई आहे असं कळलं असतं तर त्या मला हसल्या असत्या. म्हणून मीच आधी हसले. आणि उचा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही."

या शेवटच्या वाक्यानं काय झालं ते तिला कळलं नाही, पण साबिरा खाली बसली. म्हातारी कुणी अंगणात पडावी तशी बसली.

एलनुरानं नान जपून टेबलावर ठेवला, पालथा पडू नये म्हणून नीट फिरवून ठेवला. मग म्हणाली, "चार दिवस मी मार खातेय." एवढंच म्हणाली आणि आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

बुरुलनं कुंदुझच्या हातून फडकं घेतलं, सोडलं, सातही नान साबिराच्या टेबलावर ठेवले. "तुमच्या सासूबाईंच्या नावानं आहेत," म्हणाली. "एजे, येते मी. एलनुराला जवळ घ्या. ती खरं बोलत होती."

"बुरुल, चहा तरी..."

"पुन्हा येईन."

पुलावरून येताना आई दोन पावलं पुढे होती. खाली नदीला कडेनं बर्फ धरायला लागला होता. समोरून ओळखीच्या दोघी आल्या, थांबल्या, तब्येत विचारली, आणि विचारताना दोघींची नजर बुरुलच्या हातांकडे गेली. बुरुलनं हात मागे घेतले. कुंदुझनं ते पाहिलं. आपल्या आईला असं करताना तिनं आजवर पाहिलं नव्हतं. भाजीवालीसमोर, डॉक्टरांसमोर, इमामांच्या बायकोसमोर, कुठेच.

"अपा, मला मार."

आई चालत राहिली.

"काहीतरी बोल तरी."

"घरी चल," बुरुल म्हणाली.

घरी तिनं ओढणी काढली, घडी घातली आणि बसली. "दाखव."

"काय?"

"सगळ्यांनी पाहिलंय, मीच पाहिलेलं नाही. दाखव मला."

कुंदुझनं पान उघडलं. त्या पानवाल्यांनी वर कसलंसं टिंगलीचं गाणं लावलं होतं. बुरुलनं मान हलवली. "हे नको. तुझ्याजवळ असेल ना, मूळचं? ते."

होतं. कुंदुझनं ते पुसलं नव्हतं. का पुसलं नव्हतं हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बुरुलनं हात लांब करून फोन धरला. तिला जवळचं नीट दिसत नसे. पडद्यावर दोन हात, पिशवी, तुकडा. एकदा पाहून झालं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं.

"माझी बोटं इतकी काळी दिसतात?"

"नाही अपा. ते जवळून घेतलंय म्हणून. उजेड नव्हता तिथे."

"दिसतातच की." ती आपल्या हाताकडे आणि पडद्यावरच्या हाताकडे आळीपाळीनं बघत होती, बाजारात एकाच्या कापडाशी दुसऱ्याचं कापड लावून बघावं तसं. "मी कधी असं बघितलंच नव्हतं. साबिराची सासू म्हणायची, तुझा हात लागला की दुखणं कमी होतं. मला वाटायचं, बरे आहेत आपले हात."

 जे वर्षभर कुंदुझच्या आत चालू होतं, रोज सकाळी उठून स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं, ते आता या खोलीत, तिच्या समोर, आईला लागलं होतं. तिच्याकडूनच लागलं होतं. शेहेचाळीस वर्षं ज्या बाईनं आरशात फक्त ओढणी नीट आहे का एवढंच बघितलं, तिला.

चित्र तिसऱ्यांदा चालू होतं. शेवटी, हात बाजूला गेल्यावर, एक हसू ऐकू येत होतं. मोकळं, खळाळतं.

"हे कोण हसलं? तू?"

"हो."

बुरुलनं ते पुन्हा ऐकलं. "किती दिवसांनी तुला हसताना ऐकलं," ती म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर कुंदुझला झेलता आला असता.

नमाजची वेळ होत आली होती. बुरुल उठली, मोरीपाशी जाऊन बाह्या सारू लागली, आणि मध्येच थांबून त्या पुन्हा मनगटापर्यंत ओढल्या. कुंदुझ धावत गेली, लांब नळीचा तांब्या उचलला, कोमट पाण्यानं भरला. मोठ्यांच्या हातावर लहानानं पाणी घालायचं असतं. हे तिनं किती महिने केलं नव्हतं.

"अपा, हात पुढे कर."

बुरुलनं हात पुढे केले, पण मुठी मिटलेल्या होत्या. बोटं आत, अंगठे वर. कुंदुझनं पाणी घातलं. पाणी मुठींवरून घसरत खाली गेलं.

"उघड ना अपा."

"राहू दे. असंच घाल."

"असं वजू होत नाही."

बुरुलनं मुठी तशाच ठेवल्या. तिची मान पलीकडे वळलेली होती. तांब्या संपला. कुंदुझनं तो पुन्हा भरला आणि उभी राहिली, धार बारीक धरून, डोळे खाली, आईच्या हातांकडे न बघता. बघत नाही हे आईला कळावं म्हणून ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. पाणी किती वेळ घातलं ते तिनं मोजलं नाही.